मदत हवी आहे : ग्वाल्हेरच्या जुन्या घरात लाकडाची बंदिस्त शेगडी बसवण्याबाबत

नमस्कार. लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्यात सासूबाईंच्या खोलीत दार असलेली, धुराड्याची लोखंडी शेगडी बसवण्याचा विचार आहे, कारण जानेवारीतील थंडी त्यांना सोसत नाही आणि दार लावून उघडी कोळशाची शेगडी पेटवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

खरी अडचण धुराड्याची आहे. छत दगडी पट्ट्यांचे असून त्याखाली सागवानी तुळया आहेत. नळी छतातून न्यायची झाल्यास तुळईपासून किती अंतर ठेवावे आणि दुहेरी भिंतीची उष्णतारोधक नळी वापरल्यास ते किती कमी करता येते? भिंतीतून बाहेर काढल्यास वळणांमुळे धूर ओढला जाण्यात अडथळा येतो, असे वाचले आहे. नळीचे तोंड छतापासून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आतील कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच असावे, असा नियम आहे. आमच्या गच्चीचा कठडा त्या टप्प्यात येतो, तेव्हा उंची कठड्यावरून मोजायची ना?

जळणासाठी वर्षभर वाळवलेले बाभळीचे लाकूड मिळते. बाहेरची हवा आत येण्यासाठी झरोका कुठे ठेवावा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगापाशी लावावा की शेगडीजवळ, आणि धुराड्यातील काजळी हंगामात किती वेळा काढावी, हेही कृपया सांगावे. असे काम केलेला ग्वाल्हेरमधील जाणकार कारागीर माहीत असल्यास जरूर सुचवावा.