मदत हवी: सलोखा आयोगाच्या विधेयकात साक्षीच्या भाषेचं कलम कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

मी खानापूरची, बेळगावात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या अभिरूप संसदेत 'राष्ट्रीय शांतता व सलोखा आयोग विधेयक' मांडायचंय (म्हणजे जुन्या संघर्षांत सोसलेल्यांचं सांगणं ऐकून समेट घडवणारा आयोग), मसुदा माझ्याकडे आलाय. दक्षिण आफ्रिकेचा 1995 चा आणि झिम्बाब्वेचा 2018 चा कायदा समोर ठेवून रचना, नेमणुका, मुदत लिहून झाली. गाडी अडलीय ती साक्षीच्या कलमावर.

आमच्या गल्लीतल्या एका आजींचा मुलगा 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठीनं जायबंदी झाला. नंतर आजींचा जबाब घेतला. त्या मराठीत सांगत होत्या, कागदावर कन्नड उतरत होतं. शेवटी शाईचं पॅड पुढं आलं आणि अंगठा उठला. "मी काय सांगितलं ते मला ठावं, त्यात काय लिवलंय ते देवाला," असं त्या अजून म्हणतात. अशा माणसाला आयोगापुढं बोलवायचं आणि पुन्हा तेच करायचं, तर सलोखा कसला?

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 277 मध्ये साक्ष साक्षीदाराच्या भाषेत घ्यावी असं होतं, पण 'शक्य असल्यास'. ती पळवाट मला नकोय. दक्षिण आफ्रिकेत 11 अधिकृत भाषा होत्या, तरी आयोगानं सुनावणीत दुभाषे बसवले.

मी असं लिहिलंय: साक्ष सांगणाऱ्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत नोंदवावी, ध्वनिमुद्रण करावं, सही-अंगठ्याआधी वाचून दाखवावी, मूळ आणि भाषांतर जुळलं नाही तर मूळ ग्राह्य. जत-अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही हे तितकंच लागू, हे मी मुद्दाम उद्देशिकेतच घातलंय.

आता अडचण. नियम मोडला तर काय? 'नोंद रद्द' म्हटलं, तर नोंदवणाऱ्याच्या चुकीची शिक्षा आजींना, त्यांचं सांगणंच पुसलं जातं. काहीच म्हटलं नाही, तर कलम नुसतं शोभेचं. सध्या सुचलंय ते एवढंच: अशी नोंद साक्ष सांगणाऱ्याविरुद्ध वापरता येणार नाही, आणि आयोगानं स्वखर्चानं, त्याच्या घरी जाऊन, ती पुन्हा घ्यावी. हे कायद्याच्या भाषेत बसतं का? कुणी असं कलम लिहिलं किंवा कोर्टात लढवलं असेल तर सांगा.

जाता जाता दुसरं. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याचं कलम 6 सांगणाऱ्याला त्याच्या जबानीपुरतं संरक्षण देतं. त्या जबानीवरून पुढं शोधलेल्या पुराव्याचं काय? दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यानं तोही त्याच्याविरुद्ध वर्ज्य ठरवला. गुन्हेगारांना माफी देण्याचं कलम मी ठेवलेलंच नाही. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये पीडितांच्या संमतीविना गंभीर गुन्ह्यांना माफी नाकारली, ते मला पटतं.

मसुदा शुक्रवारी द्यायचाय. त्याआधी ते भाषेचं कलम आजींना वाचून दाखवणार आहे, म्हणून सोप्या मराठीत सुचवलंत तर फार बरं होईल.