रे रोड आधी शेवटचं स्टेशन होतं

मुंबई लोकलच्या हार्बर लाइनचा जन्मच १९२५ साली विजेच्या गाडीबरोबर झाला आणि रे रोड हे सुरुवातीपासूनच तिच्यावरचं एक मधलं स्टेशन, असं एकाने लिहिलंय. विजेच्या गाडीचं साल बरोबर आहे, बाकी नाही. कुर्ला ते रे रोड हा फाटा डिसेंबर १९१०मध्येच सुरू झाला होता. म्हणजे पंधराएक वर्षं रे रोड हे शेवटचं स्टेशन होतं, गाडी इथवर येऊन परत फिरायची. पुढे डोंगरी-मशिदीकडची वस्ती इतकी दाट की रूळ जमिनीवरून नेणं अवघड, म्हणून तो भाग उंचावरून बांधला. तो जोडला गेल्यावरच ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावू शकली. सँडहर्स्ट रोडला हार्बरचे फलाट वर आणि मेन लाइनचे खाली आहेत, ते त्यामुळेच.

आजही रे रोडजवळच्या दारूखाना भागात लोखंडाच्या कामाला जाणाऱ्यांचं हेच स्टेशन. मेन लाइनवरून येणाऱ्यांनी सीएसएमटीपर्यंत जाऊच नये. सँडहर्स्ट रोडला उतरून जिना चढायचा, वर पनवेल किंवा गोरेगाव, कुठलीही गाडी चालते, कारण दोन्ही वडाळ्यापर्यंत एकाच मार्गाने जातात. तिथून दुसरं स्टेशन रे रोड. नाव बदलून घोडपदेव करायचं राज्य सरकारने २०२४मध्ये ठरवलंय. माझा त्याला विरोध नाही, पण १९१० सालची एक पाटी तरी फलाटावर लागायलाच हवी.