रजोनिवृत्तीच्या काळातील डोंगरी हाफ मॅरेथॉन: वाढलेली 27 मिनिटे वयाची की आणखी कशाची?

यवतेश्वर-चढण (सातारा):

नमस्कार. माझे वय 51 आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावरून परत फिरणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी चार वेळा पूर्ण केली आहे. 47व्या वर्षी मला 2 तास 31 मिनिटे लागली होती. गेल्या पावसाळ्यात 2 तास 58 मिनिटे लागली, आणि तीही सराव पूर्वीपेक्षा वाढवून. दीड वर्षापासून पाळी अनियमित आहे. कधी दोन महिने येत नाही, आणि आली की आठ-आठ दिवस इतके अंगावरून जाते की वर्गात सलग दोन तास उभे राहणेही कठीण होते. रात्री अडीचच्या सुमारास अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन जाग येते, उशीचा अभ्रा ओला झालेला असतो, आणि साडेचारचा गजर होईपर्यंत पुन्हा डोळा लागत नाही. घाट उतरताना लघवीचे थेंब गळतात, हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. गेल्या वर्षी काळी पॅन्ट घालून आणि आदल्या रात्रीपासून पाणी जवळजवळ न पिता मी ती शर्यत निभावली.

सरावाच्या गटात थोडे बोलून पाहिले, तेव्हा "आता वेळेचा नाद सोडा, आनंदासाठी धावा" असे सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच होती, परंतु माझा आनंद घड्याळ लावून धावण्यातच आहे आणि तो सोडण्याची माझी तयारी नाही. या 27 मिनिटांतली वयाची किती आणि दुरुस्त होण्यासारखी किती, हे मला समजून घ्यायचे आहे.

कृष्णाकाठ (सांगली):

ताई, माझे वय 59 आहे. पाळी जाऊन नऊ वर्षे झाली आणि मी अजून शर्यती धावते. वयोगटानुसार वेळेची तुलना करण्यासाठी ज्येष्ठ धावपटूंची जी कोष्टके वापरतात, त्यांच्या हिशेबाने 47 ते 51 या चार वर्षांत हाफ मॅरेथॉनची वेळ साधारण चार-पाच टक्क्यांनी वाढते. म्हणजे तुमच्या बाबतीत वयाच्या खात्यावर सहा-सात मिनिटे पडतात. उरलेली वीस मिनिटे कोठून आली, ते शोधायला हवे. 1984 साली ऑलिम्पिकमधील महिलांची पहिली मॅरेथॉन जिंकणाऱ्या जोन बेनॉइट सॅम्युएलसन यांनी 1979 साली बोस्टन मॅरेथॉन 2 तास 35 मिनिटांत जिंकली होती. 2019 साली, 61व्या वर्षी, त्या तेथेच 3 तास 4 मिनिटांत धावल्या. चाळीस वर्षांत पूर्ण मॅरेथॉनला 29 मिनिटे! त्यांची आणि आपली तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण नुसते वय किती सावकाश काम करते, ते यावरून दिसते.

वेळ वाढू लागली तेव्हा मीही तुमच्यासारखेच किलोमीटर वाढवले आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊन तीन महिने घरी बसले. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाले की हाड झपाट्याने विरळ होते, स्नायू लवकर झिजतात आणि सरावानंतर शरीर भरून यायला जास्त दिवस लागतात, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आता मी आठवड्यातून चारच दिवस धावते: एक दिवस चढणीचा जोरकस सराव, एक दिवस लांब पल्ला आणि दोन दिवस अगदी सावकाश. दोन दिवस वजने उचलते, आणि ती खरोखर जड असतात. घरातला दहा किलोचा पिठाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून खुर्चीवर बसायचे आणि उठायचे, येथून मी सुरुवात केली. आज चाळीस किलोची दांडी जमिनीवरून उचलते. तुमच्या घाटाच्या चढणीला नेमकी हीच ताकद लागते. जेवणातही प्रत्येक वेळी मटकी, अंडी, दही किंवा पनीर यांपैकी काहीतरी पोटभर असायला हवे; भाकरी आणि पातळ आमटीवर स्नायू टिकत नाहीत.

स्त्रीरोग-मिरज:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वरील सल्ला योग्य आहे, मात्र या ताईंनी वजने उचलण्याआधी रक्त तपासावे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे आम्ही मानतो. भारतात ती सरासरी 46-47व्या वर्षी येते. त्याआधीच्या काही वर्षांत संप्रेरकांच्या चढउतारामुळे रक्तस्राव वाढू शकतो. पण "या वयात असे होतेच" असे म्हणून आठ दिवसांचा रक्तस्राव अंगावर काढणे चुकीचे आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), थायरॉइड आणि सोनोग्राफी या तपासण्या करून घ्या. स्नायूंपर्यंत प्राणवायू पोहोचवण्याचे काम हिमोग्लोबिनचे आहे, त्यामुळे ते कमी असेल तर घाटात सर्वांत आधी दम लागतो, मग सराव कितीही केलेला असो.

अंगातून वाफा येण्याचे कारण असे की इस्ट्रोजेन घटल्यावर मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र फार हळवे होते आणि जराशा उष्णतेलाही घाम काढू लागते. झोप मोडत असेल तर संप्रेरकांचे उपचार उपलब्ध आहेत. तुमचा आणि घरातील आजारांचा इतिहास पाहून ते देता येतात. थेंब गळण्याबद्दल संकोच बाळगू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घेतले आणि तीन महिने नियमित केले, तर बहुतेकींना चांगला फरक पडतो. पाणी तोडून धावणे मात्र कृपया थांबवा.

यवतेश्वर-चढण (सातारा):

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. हिमोग्लोबिन 9.4 आणि फेरिटिन 8 निघाले, दोन्ही बरेच कमी. थायरॉइड ठीक आहे. गर्भाशयात लहान गाठ आहे आणि तिच्यावर उपचार सुरू झाले आहेत. अहवाल हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून होते, कारण वर्षभर मी स्वतःला आळशी समजत होते. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. घाट पुन्हा कधी चढू?

स्त्रीरोग-मिरज:

गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि दूध तिच्यापासून किमान एक तास लांब ठेवा. पोटाला त्रास झाला तर तुमच्या डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेता येते. हिमोग्लोबिन साधारण महिनाभरात चढू लागेल, पण ते बारावर आले म्हणून गोळ्या थांबवू नका. शरीरातील साठा भरायला त्यानंतर आणखी तीन महिने लागतात. तोवर सपाटीवर, सहज बोलता येईल अशा वेगाने धावा.

कृष्णाकाठ (सांगली):

आणि पिठाचा डबा आधी पाच किलोचाच घ्या, ताई. बारावर आलात की कळवा, मी एका रविवारी पहाटेच्या एसटीने साताऱ्याला येईन आणि आपण यवतेश्वर बरोबर चढू.