नाक्याच्या अलीकडे, नाक्याच्या पलीकडे : कोविडकाळातले दवाखान्यांचे अनुभव

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि आसपासच्या मंडळींसाठी हा धागा. कोविडात कोण गेलं, कोण वाचलं, हे आपण बोलतो. पण काउंटरवर काय मागितलं, काय नाकारलं, कुठला कागद कामाला आला, हे ज्याच्या त्याच्या घरातच राहिलं. आपल्याकडे ते लिहायला हवंच, कारण अथणीचा पेशंट मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, आणि चंदगडचा बेळगावला येतो. दवाखाने आणि डॉक्टर यांची नावं टाकू नका, एवढीच विनंती. सुरुवात मीच करते.

सासऱ्यांना सप्टेंबर २०२० मध्ये बेळगावात खासगी दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं होतं. बिलात बेडचे पैसे वेगळे, पीपीई किटचे वेगळे. शेजारच्या वकिलांनी कर्नाटक सरकारचा जून २०२० चा आदेश मोबाईलवर पाठवला. स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाला रोजचा कमाल दर जनरल वॉर्डला १० हजार, ऑक्सिजनच्या एचडीयूला (वॉर्ड आणि आयसीयूच्या मधला विभाग) १२ हजार, आयसीयूला १५ हजार, व्हेंटिलेटरसह २५ हजार. किट त्यातच धरलेलं. मिस्टरांनी प्रिंट काढून बिलिंगच्या खिडकीत सरकवली. थोड्या वेळानं नवीन बिल आलं, किटची ओळ नव्हती. कुणी काही बोललं नाही, आम्हीही नाही. हे दर भिंतीवर ठळक का लावले नव्हते, एवढं मात्र अजून डोक्यात आहे.

अथणीहून

तुम्हाला निदान एकाच सरकारचा आदेश बघायचा होता. मे २०२१ मध्ये थोरल्या भावाला मिरजेला नेलं, कारण बेळगाव लांब आणि मिरजेत बेड मिळाला. महाराष्ट्रातले दर आणखी वेगळे : वॉर्डला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरला ९,०००, तेही ८० टक्के बेडनाच लागू. आमचा बेड उरलेल्या २० टक्क्यांतला निघाला. महाराष्ट्राची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना विचारली तर रेशन कार्ड कर्नाटकाचं. आपल्या राज्याच्या 'आरोग्य कर्नाटक' योजनेचं कार्ड दाखवलं तर त्या दवाखान्यात ते चालेना. शेवटी दुभती म्हैस विकली.

पुढं २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना द्यायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. त्याच वर्षी आमचं कर्ज फिटलं. भाऊ बरा आहे.

निपाणीहून

आमची आई विडी कामगार. एप्रिल २०२१ मध्ये तिची टेस्ट निगेटिव्ह आली, खरं स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं भरलेली. चौथ्या रात्री गेली. बिल थकलंय म्हणून बॉडी देईनात. आम्ही खाली पायऱ्यांवर बसून होतो. मामा म्हणाले, असं ठेवता येत नाही. कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात २०१७ ची दुरुस्ती आहे : थकबाकी असली तरी मृतदेह नातेवाइकांना द्यायचा, पैसे नंतर वसूल करायचे. जिल्ह्याच्या तक्रार प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारीच असतात. मामांनी त्यांच्या कार्यालयात फोन लावला आणि मोबाईल स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. दुपारपर्यंत बॉडी मिळाली. बिलाचे हप्ते आम्ही नंतर फेडले, ते बुडवायचे नव्हतेच.

दुसरी लढाई मृत्यूच्या दाखल्याची. त्यावर कारण लिहिलेलं 'न्यूमोनिया'. कोविडनं गेलेल्यांच्या घरच्यांसाठी ५० हजारांचं सानुग्रह अनुदान आलं तेव्हा तालुक्यातून सांगितलं, कोविड लिहिलेलं नाही, अर्ज करू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं होतं, की केवळ दाखल्यावर कोविड नाही म्हणून नाकारायचं नाही. टेस्ट निगेटिव्ह असली तरी दवाखान्यातल्या तपासण्यांवरून कोविडचं निदान झालेलं असेल तर तेही धरायचं, आणि वाद असेल तर जिल्ह्याच्या समितीकडं जायचं. समितीपुढं आमच्याकडं होतं काय? स्कॅनचा रिपोर्ट आणि एक चिठ्ठी, ज्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं 'कोविड सस्पेक्ट' लिहिलेलं. ती चिठ्ठी बहिणीनं विड्यांच्या सुपात जपून ठेवलेली. पैसे आले. आईच्या नावाचा दाखला मात्र अजून 'न्यूमोनिया'च म्हणतो.

खानापूर

संमतीपत्र कन्नडमध्ये, काका मराठी शाळेतले. सही करा म्हणाले. काकांनी पेन खाली ठेवलं. मग एका सिस्टरनं बसून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत समजेल अशी माहिती आणि संमती हे हक्क आहेत, हे मला नंतर कळलं. त्या सिस्टरला सनद माहीत होती असं वाटत नाही.

शिनोळी (चंदगड तालुका)

वहिनीला नववा महिना. पहिल्या लॉकडाऊनमध्ये बेळगावच्या रस्त्यावर बॅरिकेड. ॲम्ब्युलन्स सोडली, दवाखान्यानं अडवलं : आधी कोविड टेस्ट. केंद्रानं एप्रिल २०२० मध्येच राज्यांना कळवलं होतं, की टेस्टसाठी अडून राहून तातडीचे उपचार नाकारू नयेत. कळवलेलं कागदावर, वहिनी गाडीत. परत फिरून गडहिंग्लजला गेलो. मुलगी झाली.

हुक्केरी तालुक्यातल्या आशा कार्यकर्तीकडून

तुमचे अनुभव वाचले, पटले. आमचंही ऐका. घरोघरी सर्व्हे करताना अंगावर धावून आलेले लोक आठवतात. मारहाणीविरुद्धचा कडक कायदा सप्टेंबर २०२० मध्ये झाला, खरं गावात तक्रार करून त्याच गल्लीत पुन्हा जायचं कसं? जुलै २०२० मध्ये आम्ही महिना १२ हजार मानधनासाठी संपावर गेलो, तेव्हा हेच लोक म्हणाले, अशा वेळी संप? मास्क आम्ही घरात शिवत होतो.

चिकोडीहून

निपाणीच्या ताईंची चिठ्ठी वाचून लिहितो. सगळ्यात जास्त त्रास केसपेपर मिळवताना झाला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे आहेत. तोंडी मागितले, 'सिस्टीम डाऊन'. लेखी अर्ज केला, पोच घेतली, मग मिळाले. ग्राहक आयोगात जायचं तर मुदत दोन वर्षांची. कोविडमुळं सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, म्हणून आमचा अर्ज बसला. तारखा पडताहेत. समोरच्या वकिलांनी मागच्या तारखेला विचारलं, मूळ बिल कुठं आहे. होतं, दिलं.