लोकेशन लपवून घुबड वाचतं का?

सासवड रोड:
काल एका ग्रुपवर शॉर्ट इअर्ड आऊलचा फोटो आला. वाळलेल्या कुसळीत बसलेलं, पिवळे डोळे थेट कॅमेऱ्यात. खाली ओळ: ‘पुणे परिसर. पक्ष्याच्या हितासाठी लोकेशन सांगणार नाही, विचारू नये.’ त्यावर पन्नासेक जणांनी हात जोडलेले. मला राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

दिवे घाटाच्या वरच्या अंगाला एक माळ होता. डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे हॅरिअर, म्हणजे गवताळ माळावरचे शिकारी पक्षी, उतरायचे, माँटॅग्यू आणि पॅलिड दोन्ही जातींचे. गवतावर घिरट्या घालता घालता एकेक जण खाली बसायचा आणि दिसेनासा व्हायचा. झाडावर नाही, जमिनीवरच रात्र काढतात ते. एकदा सतरा मोजले. आम्ही चौघांनी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. पाच हिवाळे तोंड शिवून बसलो. सहाव्या वर्षी गेलो तर फक्कीच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि एनए प्लॉटचा फलक. अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, इथे पक्षी होते याची नोंद कुठे आहे? कागदावर जमीन पडीक. आमच्या वह्या घरच्या कपाटात होत्या. पाच वर्षं गप्प बसून आम्ही प्लॉटवाल्यांचीच सोय केली. ज्या जागेची नोंद नाही त्या जागेसाठी भांडता येत नाही.

टेकडीवाली:
दादा, माळ गेल्याचं वाईट वाटलं. पण त्यातून तुम्ही जे काढताय ते मला अजिबात पटत नाही.

गेल्या जानेवारीत हेच घुबड मला दिसलं. मी फक्त दोन मैत्रिणींना सांगितलं. तिसऱ्या दिवशी पिन सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. रविवारी उजाडता उजाडता माळावर अकरा गाड्या. दोन तर थेट गवतात घातलेल्या. एकाने उडतानाचा फोटो हवा म्हणून झुडपावर खडे मारले. तासाभरात ते सात वेळा उठलं, आणि दर वेळी कावळे मागे. दिवसभर गवतात दडून राहायचं आणि ऊन कललं की उंदरांमागे निघायचं, असा त्याचा दिवस असतो. हिमालयापलीकडून आलेल्या जिवाला आपण टेकूही दिलं नाही. बुधवारी परत गेले. चाकांनी गवत झोपलेलं, आणि झुडपाखाली त्याने ओकलेली एक गोळी, उंदराच्या केसांची, आत सुईएवढी हाडं. घुबड नव्हतं, पुढे दिसलंही नाही. ते माझ्या तोंडामुळे झालं. आता मी कुणालाही सांगत नाही.

नदीकाठचा:
एका घुबडासाठी एवढं चाललंय. नदीवरच्या कवडीपाटाचं लोकेशन तर शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. काय वाचलं तिथलं? सोलापूर रस्त्याला टोलनाक्यापाशी वळा, बंधाऱ्यावर उभे राहा. पाणी पडतं तिथे कमरेएवढा फेस. खडकाला दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, देवांच्या तसबिरी. त्यातच चक्रवाक बसलेले. माझी आजी त्याच बंधाऱ्यावर धुणं धुवायची आणि प्यायला कळशी भरून न्यायची. आज मी त्यात पाय घालत नाही. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी आमच्या दारात येतं. वर ४४ किलोमीटर नदीकाठ ‘सुधारायला’ घेतलाय, २०२२ मध्ये भूमिपूजन झालं. काठावर दगड रचून पाणी कसं स्वच्छ होणार, ते सांगा.

आठ बाय बेचाळीस:
नदीकाठचे, एक कडू गोष्ट ऐका. कवडीला शेकाटे, धोबी, तुतारी एवढ्या संख्येने दिसतात ते त्या सांडपाण्यामुळेच. त्यात अळ्या पोसतात, त्यावर हे पक्षी. उद्या पाणी काचेसारखं झालं तर निम्मे पक्षी दुसरीकडे जातील.

नदीकाठचा:
म्हणजे आम्ही घाणीत राहायचं, कारण तुम्हाला रविवारी शेकाटे मोजायचेत? कोथरूडहून येता, तोंडाला रुमाल बांधून तासभर उभे राहता आणि आम्हाला नदी शिकवता? अळ्या खाणारे वाढले, कबूल. मासे खाणाऱ्यांचं काय? आमच्या लहानपणी नदी सुरय पाण्यावर सूर मारत आणि चोचीत मासा घेऊन उठत. कैकर हिवाळ्यात यायचा, पायात मासा धरून पलीकडच्या खांबावर बसायचा. मासा जगेल तर ते येतील. फक्त सांडपाण्यावर जगणारे पक्षी उरले तर ती नदी नव्हे, गटार झालं.

आठ बाय बेचाळीस:
घाण राहू द्या असं मी म्हटलेलं नाही. पण माशांचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. आणि मी कोथरूडचा नाही, हडपसरचा आहे. तोच वास माझ्याही घरात येतो.

समतल चर:
मूळ प्रश्नाकडे येतो. सासवड रोड, समजा जागा सांगितली. सरकार दरबारी उघडा माळ म्हणजे ओसाड जागा. लगेच पाणी मुरवायला समतल चर खणतील आणि रोपं लावतील. टेकड्यांवर बघा, गिरिपुष्पाच्या रांगाच रांगा. माळावर झाड लावलं की माळ मेला, हे अजून कुणाच्या गळी उतरत नाही. धाविक, चंडोल, पखुर्डी या पक्ष्यांना मोकळी जमीनच लागते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांमुळे टिकलं, तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटर. म्हणून ताईंच्या बाजूने माझं मत.

सासवड रोड:
चर खणतात कारण तिथे काय राहतं याची त्यांच्याकडे यादी नसते! तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

ताई, अकरा गाड्यांचं वाचून मात्र मी थांबलो. आमच्या माळावर एकही गाडी आली नव्हती, त्यामुळे हा अनुभव मला नाही. पिन टाकू नये, हे मान्य करतो. मनापासून नाही, पण करतो. नोंद मात्र त्याच दिवशी झालीच पाहिजे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी झाकून ठेवता येते. पक्षी मार्चअखेर उत्तरेला गेले की उघडा. तारीख, आकडा, जागा, सगळं राहतं. आणि गट नंबरासकट एक अर्ज तालुक्याला द्या, पोच घ्या. ती पोच माझ्याकडे असती तर त्या कचेरीतून मी रिकाम्या हाताने परतलो नसतो.

टेकडीवाली:
झाकलेली यादी मार्चमध्ये उघडायची, एवढं मी करेन. पण पुढच्या डिसेंबरात तीच यादी बघून तीच माणसं येणार, कारण ही घुबडं त्याच माळावर परत येऊ शकतात. म्हणून नोंदीत गावाचं नाव देईन, झुडूप नाही. अर्ज देईन तेव्हा सोबत गुराखी काकांना नेणार. त्या रविवारी गाड्यांपुढे काठी घेऊन एकटे तेच उभे राहिले होते. तिथे गुरं चरतात म्हणून तो माळ अजून माळ आहे, हेही अर्जात लिहीन. चर खणू नयेत, असंही.

सासवड रोड:
लिहा. मसुदा मी करून देतो. माझ्या जुन्या वह्याही या आठवड्यात ईबर्डवर चढवतो, माळ गेला असला तरी.

नदीकाठचा:
चढवा. आणि एका रविवारी दुर्बीण घरी ठेवून कवडीला या. बंधाऱ्यावरच्या पिशव्या काढायला मी सकाळी सातला असतो.