पल्प मासिकांची मूळ चित्रं: ठेवा की छपाईचा कच्चा माल?

शाईवेडा
काल ‘रद्दीप्रेमी’ यांनी लिहिलं की ‘वीअर्ड टेल्स’सारख्या पल्प, म्हणजे स्वस्त कागदावरच्या अमेरिकन कथामासिकांची मूळ चित्रं हा छपाईचा कच्चा माल, खरी कलाकृती म्हणजे छापलेला अंक. वाचून डोकं फिरलं. त्या मासिकांचा चित्रकार व्हर्जिल फिनले, त्याचं काम नीट पाहिलंत का? टाकाच्या टोकानं शाईचा एकेक ठिपका टेकवत तो चेहऱ्यावरची सावली उभी करायचा. एका चित्रात दिवसच्या दिवस जायचे. आणि ते छापलं जायचं खरबरीत, शाई फुटणाऱ्या कागदावर. बारीक ठिपक्यांचा तिथे डाग व्हायचा. तो माणूस काय करत होता, हे मूळ कागदावरच दिसतं.

रद्दीप्रेमी
अहो, पण तो काढत होता छापण्यासाठीच ना? ‘वीअर्ड टेल्स’ची मुखपृष्ठं काढणाऱ्या मार्गारेट ब्रंडेजला एका मुखपृष्ठाचे ९० डॉलर मिळायचे. आज मलई दलाल खातात. चित्रकार फ्रॅझेटाचं ‘इजिप्शियन क्वीन’ हे मूळ चित्र २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरला गेलं. ही कलेची कदर?

शाईवेडा
ते ‘ईरी’चं १९६९चं मुखपृष्ठ. ते कॉमिक्सचं मासिक, पल्प नव्हे. उगाच फाटे फोडू नका.

गिरगावकर
किमती राहू द्या, चित्रं टिकणार कशी ते बोला. ब्रंडेजबाई पेस्टलमध्ये, म्हणजे भुकटी सुटणाऱ्या रंगखडूंनी काम करायच्या. चित्र हाती आलं की शिंकायचीही भीती वाटते, असं ‘वीअर्ड टेल्स’चे संपादक राइट यांनीच लिहून ठेवलंय. १९३८ मध्ये मासिक न्यूयॉर्कला गेलं, बाई शिकागोतच राहिल्या. असली नाजूक चित्रं एवढ्या लांब पाठवायची कशी? माझ्या आजीचं पेस्टलमधलं चित्र एका दुकानदारानं काचेऐवजी ॲक्रिलिकमागे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकमागे बसवलं. स्थिर विजेनं भुकटी ओढली गेली, गालाचा रंगच उडाला. पेस्टलला काचच हवी, तीही चित्रापासून अंतर ठेवून!

डोंबिवलीची
आणि वाटेत काच फुटून चित्र चिरलं तर? स्थिर वीज न धरणारं ॲक्रिलिक मिळतं आता.

गिरगावकर
मिळतं, पण भाव विचारलात का कधी?

रद्दीप्रेमी
एवढा घोळ कशाला? फिक्सेटिव्ह, तो रंग धरून ठेवणारा फवारा, मारा की.

गिरगावकर
फिक्सेटिव्हनं पेस्टल काळवंडतं! ज्याला एवढंही ठाऊक नाही, त्यानं मूळ चित्रांना कच्चा माल म्हणू नये.

डोंबिवलीची
आवाज खाली ठेवा. फिक्सेटिव्हबद्दल मात्र तुमचं बरोबर.

रद्दीप्रेमी
ठीक आहे, फिनलेपुरतं मागे घेतो. पण ही चित्रं संग्राहकांच्या तिजोरीतच राहणार असतील, तर आम्हाला तो डाग पडलेला अंकच जवळचा. चांगले स्कॅन सगळ्यांसाठी खुले करायला लावा, मग बोला.