अल्झायमरचं नवं औषध: २७ टक्के की ०.४५?

तिरपागडा:
लेकॅनेमॅबने आजार २७ टक्के मंदावतो असं सगळीकडे फिरतंय म्हणून ट्रायलचे आकडे काढून बघितले. सुरुवातीच्या स्टेजचे १७९५ पेशंट, १८ महिने. १८ मार्कांच्या स्केलवर, मार्क जितके जास्त तितकी अवस्था वाईट, प्लासिबोवाल्यांचे (म्हणजे नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्यांचे) सरासरी १.६६ वाढले, औषधवाल्यांचे १.२१. फरक ०.४५, म्हणजे १.६६ च्या २७ टक्के, बस्स. पी व्हॅल्यू झक्कास आहे हो, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, पण घरच्यांना काही जाणवणार आहे का? मला तरी नाही वाटत.

अर्धी_भाकरी:
अहो ते स्केल काय मोजतं ते बघितलंत का? स्मरणशक्ती, स्थळकाळाचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घर-छंद, स्वतःची निगा, प्रत्येकी ० ते ३. माझे सासरे स्वतः बँकेत जाऊन एफडी रिन्यू करून यायचे, आता काउंटरवर गेल्यावर विचारतात आपण कशाला आलोय. अशा एखाद्या रकान्यात ०.५ चा १ झाला की झाला तुमचा अर्धा मार्क. आमच्याकडे तो सगळ्यांना जाणवतो.

तिरपागडा:
ताई, सासऱ्यांचं ऐकून वाईट वाटलं, पण ०.४५ ही सरासरी आहे, प्रत्येकाला अर्धा मार्क वाटलेला नाहीये. खरा फरक पडला म्हणायला १ ते २ मार्क लागतात असं धरतात. आणि बदल्यात काय, तर दर दोन आठवड्यांनी सलाईन, परत परत एमआरआय, १२.६ टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये मेंदूला सूज, प्लासिबोत १.७.

रात्रपाळी:
सूज बहुतेकांना स्कॅनमध्येच कळली, त्रास थोड्यांना झाला, पण धोका आहेच, अल्झायमरची शक्यता वाढवणाऱ्या एपीओई४ जनुकाच्या दोन प्रती असतील तर जास्तच. बाकी ती १-२ मार्कांची फूटपट्टी एकेका पेशंटच्या घसरणीसाठी आहे, दोन गटांच्या सरासरीला कशी लावता? प्लासिबोवालेच १.६६ घसरलेत, म्हणजे आजार जागच्या जागी थांबवला असता तरी फरक १.६६ च आला असता!

कोरा_चहा:
गंमत म्हणजे तीच ट्रायल बघून अमेरिकेने २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली, युरोपच्या समितीने जुलै २०२४ ला नको म्हटलं आणि नोव्हेंबरात त्या दोन प्रतीवाल्यांना वगळून हो म्हटलं, ब्रिटनने परवाना दिला पण सरकारी खर्चाने कुठली औषधं द्यायची ते ठरवणाऱ्या तिथल्या नाइस संस्थेने त्याच वर्षी मसुद्यात नकार दिला.

तिरपागडा:
@रात्रपाळी, मग थांबवणारंच आणा ना. एवढ्याशासाठी म्हाताऱ्या माणसाला पंधरवड्याला सुया कोण टोचणार?

अर्धी_भाकरी:
ते सासऱ्यांना ठरवू द्या की! अजून त्यांना ठरवता येतंय.